स्क्वाडेर : पंख असलेला ससा आणि एका शब्दाची बदनामी

या मालेत आपण बहुतेक वेळा ग्रंथांवर बोलतो, क्वचित चित्रांवर. आजची कलाकृती वाचायची नाही आणि ऐकायचीही नाही. तिच्यात पेंढा भरलेला आहे. स्वीडनच्या उत्तर भागात, बोथनियाच्या आखातावर, सुंड्सवाल नावाचं शहर आहे. तिथे नोरा बर्येत म्हणजे 'उत्तरेची टेकडी' या नावाचं एक संग्रहालय आहे. त्या संग्रहालयात काचेमागे एक प्राणी ठेवलेला आहे. डोकं, छाती, पुढचे पाय आणि मागचे पाय सशाचे. पाठ, पंख आणि शेपूट शेडेर नावाच्या पक्ष्याची. या प्राण्याला स्क्वाडेर म्हणतात.

आम्ही तो छायाचित्रांतूनच पाहिला आहे. तेव्हा कातडीचा वास, काचेवरचा उजेड असल्या गोष्टींवर आम्ही काही बोलणार नाही. जे दिसतं आणि जे सांगितलं जातं, त्यावर बोलू.

आधी हकीकत. होकान डालमार्क नावाचे एक गृहस्थ होते, शिकारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुंड्सवालच्या एका उपाहारगृहात मित्रमंडळी जेवायला जमली असताना त्यांनी सांगितलं, की १८७४ साली शहराच्या उत्तरेकडच्या रानात आपण असा एक प्राणी मारला होता. शिकाऱ्याची गोष्ट ती, जेवणाबरोबर जिरायची. पण जिरली नाही. १९०७ साली त्यांच्या वाढदिवसाला त्यांच्या घरच्या कारभारीणबाईंनी त्यांना एक चित्र भेट दिलं. त्या बाईंच्या भाच्याने, हाल्वार फ्रीसेनडालने, तो प्राणी रंगवला होता. भेट थट्टेचीच होती. डालमार्क १९१२ साली वारले; त्याच्या थोडं आधी त्यांनी ते चित्र गावच्या संग्रहालयाला देऊन टाकलं. पुढे १९१६ साली एर्नशोल्ड्सविक इथे एक प्रदर्शन भरलं होतं. तिथे संग्रहालयाचे व्यवस्थापक हामारबर्ग यांची गाठ रूडॉल्फ ग्रानबर्ग या पेंढा भरणाऱ्या कारागिराशी पडली. हामारबर्गांनी गोष्ट सांगितली, चित्राबद्दल सांगितलं आणि विचारलं, हा प्राणी करून देता येईल का? ग्रानबर्गने १९१८ साली तो करून दिला.

आता यात मजा बघा. प्लेटोने कलावंताला नावं ठेवली ती या कारणासाठी, की सुतार पलंगाच्या मूळ कल्पनेची नक्कल करतो आणि चित्रकार त्या नकलेची नक्कल करतो. म्हणजे चित्र सत्यापासून तिसऱ्या पायरीवर. इथे पायऱ्या उलट्या चढल्या आहेत. आधी शब्द, मग शब्दावरून चित्र, मग चित्रावरून वस्तू. दर पायरीला गोष्ट जास्त घन होत गेली. आपल्या परिभाषेत बोलायचं तर आधी शब्दप्रमाण आलं, तेही जेवणाच्या टेबलावरच्या 'आप्ता'चं, आणि मग त्या शब्दाला शोभेल असं प्रत्यक्ष चव्वेचाळीस वर्षांनी तयार करून घेण्यात आलं. साक्षीदार आधी, घटना मागाहून.

मग ही लबाडी आहे का? आमच्या टीकेचा पहिला मुद्दा हाच. आमचं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे, आणि त्याचा पुरावा प्राण्याच्या नावातच आहे. त्याला लॅटिन नाव दिलं गेलं : टेट्राओ लेपस स्यूडो-हायब्रिडस रॅरिसिमस, आणि शेवटी एक 'एल'. टेट्राओ म्हणजे शेडेरचं कूळ, लेपस म्हणजे ससा, रॅरिसिमस म्हणजे अतिशय दुर्मीळ. मधला शब्द महत्त्वाचा : स्यूडो-हायब्रिडस, 'खोटा संकर'. जो खोटेपणा स्वतःच्या नावात छापून काचेवर लावतो, त्याला लबाड कसं म्हणायचं? १८४२ साली अमेरिकेत बार्नमने 'फिजीची जलपरी' म्हणून माकड आणि मासा एकत्र शिवलेली वस्तू दाखवली, तिकीट लावून. ती लबाडी. तिथे शिवण लपवणं हा धंदा होता. ग्रानबर्गनेही शिवण लपवली आहे, पण नावाने ती उघडी केली आहे. हात जे झाकतो ते जीभ सांगते. आम्हाला या कलाकृतीतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

आणि तो 'एल'! तो लिनियसचा. प्राण्यांना, वनस्पतींना दोन शब्दांचं लॅटिन नाव देण्याची पद्धत ज्याने रूढ केली, तो हा स्वीडिश माणूस. शास्त्रीय नावाच्या मागे नुसता 'एल' असला तर नाव लिनियसने ठेवलं असं समजायचं. शेडेरचं खरं शास्त्रीय नाव त्यानेच १७५८ साली ठेवलेलं आहे, आणि उत्तरेकडच्या, हिवाळ्यात पांढऱ्या होणाऱ्या सशाचंही. म्हणजे स्क्वाडेरचे दोन्ही आईबाप लिनियसच्या नोंदवहीत आहेत. लेकरू मात्र तो गेल्यानंतर एकशे चाळीस वर्षांनी जन्मलं.

आता हा विनोद किती धारदार आहे ते कळायला लिनियसची एक हकीकत माहीत हवी. १७३५ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, तो हॉलंडला जाताना हॅम्बुर्गला थांबला. तिथे सात डोक्यांचा हायड्रा पेंढा भरून ठेवलेला होता, महापौरांच्या मालकीचा, मोठ्या किमतीचा. लिनियसने बघितलं आणि सांगून टाकलं, की जबडे आणि पाय मुंगसासारख्या वीझल नावाच्या प्राण्याचे आहेत आणि वरून सापाची कातडी चिकटवली आहे. किंमत कोसळली. लिनियसने फार दिवस न थांबता हॅम्बुर्ग सोडलं, ते शहाणपणाचंच होतं. त्याच वर्षी त्याचा 'सिस्टिमा नॅचुरे' निघाला. त्यात 'विलक्षण प्राणी' असा एक वेगळा कप्पा केलेला होता : हायड्रा, युनिकॉर्न, फिनिक्स, सॅटर आणि त्यांचे सोबती. पुढच्या आवृत्त्यांत त्याने तो कप्पाच काढून टाकला. अशा माणसाची सही या प्राण्याखाली आहे. ज्याने निसर्गाच्या खातेवहीतून सगळे जोडप्राणी खोडले, त्याच्याच देशात, त्याच्याच अक्षराखाली, एक जोडप्राणी परत आत घेतला गेला. याला आम्ही चांगला विनोद म्हणतो. चांगल्या विनोदाला शत्रू नीट माहीत असावा लागतो.

कारागिरीकडे वळू. इथे थोडं थांबायला हवं, कारण या प्राण्यावर लिहिणारे बहुतेक लोक गोष्ट सांगतात आणि वस्तू बघतच नाहीत. शेडेर हा ग्राऊस कुळातला सर्वांत मोठा पक्षी. नर चार किलोंच्या आसपास, काळसर, हिरव्या चमकेच्या छातीचा. वसंतात पहाटे पाईनच्या रानात शेपटीचा पंखा पसरून टकटक करत ओरडतो. शिकाऱ्यांना त्याची एक खोड पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे : गाण्याच्या शेवटच्या चरणात त्याला क्षणभर काही ऐकू येत नाही, तेवढ्यात दोन पावलं पुढे टाकायची. एवढा रुबाबदार नर सोडून ग्रानबर्गने मादी घेतली. मादी लहान, तपकिरी, पिवळट-काळ्या ठिपक्यांची. पहिल्यांदा वाटतं, हे काय केलं? पण सशाची फर कोणत्या रंगाची असते ते आठवा. मादीच्या पिसांचा आणि सशाच्या केसांचा रंग एकमेकांत मिसळतो. फर कुठे संपली आणि पीस कुठे सुरू झालं, हे डोळ्याला शोधावं लागतं. नराचे काळे पंख लावले असते तर सशाने कुणाचा तरी कोट घातल्यासारखं दिसलं असतं. कलावंताने दिमाख सोडून सांधा निवडला. आमच्या मते हा निर्णय त्याला खऱ्या कलावंतांच्या रांगेत बसवतो.

होरेसने कवींना उपदेश करताना सुरुवातच अशा चित्राने केली आहे : माणसाचं डोकं, घोड्याची मान, वरून नाना पिसं, असं चित्र दाखवलं तर तुम्ही हसू आवराल का? त्याच्या मते न आवरणारं हसू हा दोषाचा पुरावा. पण होरेसचा तो चित्रकार सांधा करायला शिकलेलाच नाही. तो नुसते तुकडे ठेवतो. ग्रानबर्ग सांधतो. स्क्वाडेर बघून हसू येतं, पण ते जरा उशिरा येतं. आधी अर्धा क्षण आपण त्यावर विश्वास ठेवलेला असतो, आणि नंतरचं हसू स्वतःवरचं असतं.

शरीरशास्त्राचे आक्षेप आम्ही एका वाक्यात संपवतो : पाठीचा कणा असलेल्या प्राण्याला चारच अवयव असतात, इथे सहा आहेत, आणि पंख हलवायला छातीच्या हाडाला जो उभा कणा लागतो तो सशाला नसतो. खरं आहे. पण हे आक्षेप प्राण्यावर आहेत, कलाकृतीवर नाहीत.

आता आमच्या स्वतःच्या घरच्या विषयाकडे येतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षं 'शशशृंग' शिकवलं. सशाचं शिंग, आकाशातलं फूल, वांझेचा मुलगा : जे नाही त्याची ही आपली ठरलेली उदाहरणं. ही एका दमात म्हटली जातात आणि त्यामुळे एकाच जातीची वाटतात. ती तशी नाहीत. वांझेचा मुलगा कधीच असू शकत नाही. तिला मुलगा झाला की ती वांझ राहत नाही, तिथे शब्दच शब्दाला खातो. सशाला शिंग मात्र फक्त नसतं. त्यात विसंगती काही नाही. आणि गंमत म्हणजे ते अगदीच नसतं असंही नाही. १९३३ साली अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी दाखवलं, की तिथल्या रानसशांना एका विषाणूमुळे डोक्यावर, तोंडाभोवती शिंगांसारख्या काळ्या, टणक वाढी येतात. अस्तित्वात नसलेल्या गोष्टीचं दोन हजार वर्षं वापरलेलं उदाहरण, आणि त्याला विषाणू होतो!

नैयायिकांनी हे उदाहरण फार चलाखीने हाताळलं. उदयनाचार्यांसारखा माणूस बौद्धांशी वाद करताना म्हणतो, 'शशशृंग नाही' याचा अर्थ 'शशशृंग नावाची एक वस्तू आहे आणि ती नाही' असा घेऊच नका. ससा खरा, शिंग खरं, गाईच्या डोक्यावरचं. फक्त सशाच्या ठिकाणी शिंगाचा अभाव आहे. नाकारायचा तो संबंध. विसाव्या शतकात, १९०५ साली, रसेलने वेगळ्या वाटेने जवळपास हीच गाठ सोडवली. हेच स्क्वाडेरला लावा. ससा आहे, शेडेर आहे, मेडेलपादच्या रानात दोघंही भरपूर आहेत. नव्हता तो त्यांचा संबंध. मग ग्रानबर्गने नक्की काय पुरवलं?

वैशेषिकांचे दोन शब्द घेऊ. संयोग म्हणजे सुटू शकणारा संबंध, पुस्तक आणि टेबल यांचा. समवाय म्हणजे न सुटणारा, धागे आणि वस्त्र यांचा, अवयव आणि अवयवी यांचा. निसर्गात ससा आपल्या अवयवांत समवायाने राहतो. ग्रानबर्गकडे सुई, दोरा, तार आणि पेंढा होता. त्यातून मिळतो तो संयोगच. पेंढा भरण्याची सगळी कला संयोगाला समवायाचा वेश चढवण्याची आहे. एरवी ही कला मेलेल्या हरणाला जिवंत हरणाचा वेश देते, म्हणजे गेलेल्या समवायाची आठवण करते. इथे ती कधीच नसलेल्या समवायाची आठवण करते. फरक लक्षात घ्या.

आणि असा प्राणी खरोखर रानात निघाला असता तर? इथे आमच्यासारख्या माणसाची झोप उडते. उदयनाचार्यांनी 'जाती' म्हणजे सामान्य कशाला म्हणू नये याच्या सहा अडचणी सांगितल्या. पहिली, व्यक्ती एकच असेल तर तिची जाती नाही. स्क्वाडेर एकच आहे; तेव्हा स्क्वाडेरत्व नावाची जाती नाही, लॅटिन नाव कितीही लांब असो. पण तिसरी अडचण जास्त भयंकर, आणि तिचं नावच 'संकर'. दोन धर्म एकमेकांवाचून वेगवेगळ्या ठिकाणी राहत असतील आणि कुठे तरी एकाच ठिकाणी दोन्हीही सापडले, तर ते जाती ठरत नाहीत. आता शशत्व आणि शेडेरत्व घ्या. रानात ससे आहेत जे शेडेर नाहीत, शेडेर आहेत जे ससे नाहीत. आणि समजा एक, फक्त एकच, प्राणी खरोखर दोन्ही निघाला. मग नुसता तो प्राणी विचित्र ठरून भागत नाही. जगातल्या प्रत्येक सशाचं शशत्व धोक्यात येतं. डालमार्कसाहेबांनी जेवताना काय पणाला लावलं होतं याची त्यांना कल्पना नव्हती.

(पुढच्या काही नव्यनैयायिकांनी संकराला अडचण मानायचं नाकारलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यांना कुणी स्क्वाडेर दाखवला नव्हता.)

यातून सुटका आहे. शशत्व राहतं ते पूर्ण सशात, अवयवीत. सशाच्या अर्ध्या कातडीत नाही. ग्रानबर्गच्या प्राण्यात ससाही नाही आणि शेडेरही नाही, दोघांचे अवयव आहेत. म्हणून संकर होत नाही. नावातला 'स्यूडो' तार्किक दृष्ट्या बिनचूक आहे, आणि तो कुणीतरी थट्टेत लिहिला होता.

आता ज्यासाठी हे व्याख्यान ठेवलं त्या मुद्द्याकडे. स्क्वाडेर हा शब्द 'स्क्वात्रा', म्हणजे कलकलणं, आणि 'शेडेर' यांचे तुकडे जोडून केलेला, शब्दही शिवलेलाच. पुढे स्वीडिश भाषेत त्याला दुसरा अर्थ आला : वाईट तडजोड, न जुळणाऱ्या गोष्टींची मोट. आम्हाला हा अर्थ मान्य नाही. तो टीका म्हणून आळशी आहे.

त्याच रानात एक खरा संकर राहतो. शेडेर आणि त्याचा धाकटा भाईबंद काळा ग्राऊस यांचं कधी कधी मीलन होतं आणि जो पक्षी जन्मतो त्याला स्वीडिश लोक राकेलहाने म्हणतात. आकाराने दोघांच्या मधला, शेपूट दोघांच्या मधली. दोन जातींच्या सशांचे संकरही स्वीडनमध्ये आढळतात, तेही मधलेच. तडजोड बघायची असेल तर ती इथे आहे : दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडलं आणि मध्ये काही तरी झालं. स्क्वाडेरमध्ये कुणी काहीच सोडलेलं नाही. कान पुरते सशाचे, पंख पुरते पक्ष्याचे. फार तर त्याला युती म्हणा. आणि युती वाईटच असते असं कोणी सांगितलं? शिवण चांगली की वाईट, एवढंच विचारायचं असतं. ग्रानबर्गची चांगली आहे. वाईट तडजोडीला त्याचं नाव देणं म्हणजे बेसूर गाण्याला एखाद्या चांगल्या गवयाचं नाव देण्यासारखं आहे.

आपण मराठी माणसांनी मात्र स्वीडिश लोकांना फार शिकवायला जाऊ नये. न जुळणाऱ्या मिश्रणाला आपल्याकडे 'धेडगुजरी' म्हणतात, अजूनही छापून येतं. तो शब्द एका जातीचं नाव घेऊन तिचा अपमान करतो. स्वीडिश शब्दाने निदान एका पेंढ्याच्या सशाचीच बदनामी केली. जिवंत माणसांची नाही. मिश्रणाला शिवी देताना भाषा कुणाला हाताशी धरते, हे तपासण्यासारखं आहे, आणि आमच्या मते मराठी समीक्षेने तो शब्द टाकून द्यावा. 'ना धड इकडचं ना तिकडचं' एवढं म्हटलं तरी काम भागतं.

एक तक्रार आम्हालाही करायची आहे. स्क्वाडेरला गोष्ट नाही. मारला, एवढंच आहे. तो खातो काय, राहतो कुठे, ओरडतो कसा, काही नाही. बव्हेरियातल्या वोल्परटिंगरला, त्या शिंगं, पंख, सुळे काहीही लावलेल्या सशाला, पकडायच्या युक्त्यासुद्धा सांगितल्या जातात, शेपटीवर मीठ टाकण्यापर्यंत. पण वोल्परटिंगरला ठरलेलं रूप नाही, ज्याला जे मिळालं ते त्याने जोडलं. एकाला रूप आहे आणि चरित्र नाही, दुसऱ्याला चरित्र आहे आणि रूप नाही. आम्हाला निवडायला सांगितलं तर आम्ही रूप निवडू.

शेवटची एक बातमी सांगतो आणि मग तुमचे प्रश्न घेतो. १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये प्रत्येक प्रांताचा एक प्राणी ठरवायचं चाललं होतं. मेडेलपादच्या बऱ्याच लोकांनी स्क्वाडेरचं नाव सुचवलं. ते मंजूर झालं नाही. प्रांताचा प्राणी म्हणून रानससा ठरला. म्हणजे स्क्वाडेर निवडून आला नाही, पण त्याचा पुढचा अर्धा भाग आला. ही मात्र खरी तडजोड. विचारा आता.